कपाळावरची झोळी

फराळाचे डबे तळाला लागले, की घराघरांतून तुळशीच्या लग्नाचे वेध लागतात. बाजारात उसाच्या मोळ्या येतात, वृंदावनाभोवती उसाचा मांडव उभा राहतो, आणि मंगलाष्टके चालू असताना घरातल्या मुलांचे सारे लक्ष त्या मांडवाकडे असते. ऊस आपल्याला इतका घरचा वाटतो, की त्याचे माहेर कुठे दूरदेशी असेल अशी शंकादेखील मनात येत नाही. पण वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते माहेर शोधून काढले आहे. जाड, रसाळ, गोड उसाची लागवड माणसाने प्रथम केली ती न्यू गिनी नावाच्या बेटावर, काही हजार वर्षांपूर्वी. तेथून बेटाबेटांवरून होड्यांतून प्रवास करीत तो आपल्याकडे आला. त्याच्या रसाची दाणेदार साखर करण्याची विद्या आपल्या देशात वाढली आणि आपली ‘शर्करा’ नाव बदलत बदलत साऱ्या जगाच्या तोंडी बसली.

तेव्हा यंदा करंजीचा तुकडा मोडताना त्या बेटावरच्या कोणा अनामिक शेतकऱ्याचे उपकार मनातल्या मनात मानायला हरकत नाही. शेतकऱ्याचे म्हणावे की शेतकरणीचे, हे पुढची हकीकत वाचून वाचकांनीच ठरवावे.

न्यू गिनी हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पसरलेले, जगातले दुसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट. त्याचा पश्चिमेचा अर्धा भाग इंडोनेशियात मोडतो. पूर्वेचा अर्धा भाग आणि आसपासची बेटे मिळून पापुआ न्यू गिनी हा देश होतो. ऑस्ट्रेलियाच्या कारभारातून तो १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला. ह्या एका देशात आठशेंहून अधिक भाषा बोलल्या जातात, आणि त्याचे कारण नकाशात दिसते. बेटाच्या मधोमध डोंगरांचा प्रचंड कणा आहे. विषुववृत्त जवळ, तरी शिखरे चार हजार मीटरांच्या वर. ह्या खोऱ्यातून त्या खोऱ्यात जायचे तर दिवसाची नव्हे, पिढ्यांची वाट. मग प्रत्येक खोऱ्याची बोली वेगळी झाली तर नवल कसले?

किनाऱ्यावर ठाणी मांडून बसलेल्या गोऱ्या साहेबांची कित्येक वर्षे अशी ठाम समजूत होती, की ह्या डोंगरांच्या पोटात माणूसवस्ती जवळजवळ नाहीच. १९३० साली मायकेल लेही नावाचा ऑस्ट्रेलियन सोन्याच्या शोधात डोंगर चढून गेला आणि रात्री पाहतो तो समोरच्या अंधारात शेकोट्याच शेकोट्या! १९३३ साली विमानातून वाघी नदीचे खोरे पाहण्यात आले. खाली चौकोनी वाफे, सरळ चर आणि गवताने शाकारलेली घरे दिसली. लाखो माणसे तेथे सुखाने शेती करीत होती. वर्तमानपत्रांनी लिहिले, की नवे लोक ‘सापडले’. वास्तविक ते काही हरवले नव्हते. त्या लोकांना मात्र वाटले, की गोरी कातडी घेऊन आपलेच मेलेले पूर्वज परत आले आहेत. दोन्ही बाजूंनी चूक झाली. परंतु त्यांची चूक अधिक प्रेमळ होती असे म्हणावे लागते.

पुढे माऊंट हेगन शहराजवळ कुक नावाच्या दलदलीत उत्खनन झाले, तेव्हा विद्वानांनाही तोंडात बोट घालावे लागले. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी येथे मातीचे उंचवटे करून लागवड होत होती, केळी लावल्या जात होत्या. पुढे पाणी काढून देण्यासाठी चरही खणले गेले. २००८ साली ह्या जागेला जागतिक वारशाचा मान मिळाला. लोखंड नाही, चाक नाही, नांगर नाही, बैल नाही; पण शेती मात्र जगातल्या जुन्यांत जुन्या शेतींपैकी एक. ‘मागासलेले’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, ते अशा वेळी ध्यानात येते.

ह्या डोंगराळ मुलखाच्या पूर्व भागात ओकापा नावाचे ठाणे आहे. तेथल्या लोकांना फोरे म्हणतात. आज मला सांगायचे आहे ते त्यांच्या गावाविषयी. गाव म्हणजे आपल्या कोकणातल्यासारख्या विखुरलेल्या वाड्या. आपल्या कळसूबाईच्या उंचीच्या आणि त्याहूनही वरच्या उतारांवर वसलेल्या. सकाळी धुके, दुपारी पाऊस, रात्री थंडी. जुन्या रीतीप्रमाणे वाडीत पुरुषांचे एक मोठे घर असे. बाप्ये आणि मोठे मुलगे तेथे झोपत. बायका आपापल्या लहान घरांत मुलांना घेऊन राहत आणि घरातली डुकरेही तेथेच आडोशाला असत. घर गोल, भिंती लाकडाच्या, वर गवताचे छप्पर, मधोमध चूल. धूर जायला धुराडे नाही, त्यामुळे तो आपल्या सवडीने छपरातून झिरपत जातो.

जेवण म्हणजे रताळी. सकाळी रताळी, संध्याकाळी रताळी, मुलाच्या हातात शिदोरी दिली तर तीही भाजलेले रताळे. पूर्वी अळूच्या कांद्यावर भर होता. रताळे हे मूळचे दक्षिण अमेरिकेचे. तीन-चारशे वर्षांपूर्वी ते ह्या डोंगरांत पोहोचले आणि अळूला न सोसणाऱ्या उंच, थंड उतारांवरही जोमाने आले. मग माणसे वर सरकली, डुकरे वाढली, वस्ती दाट झाली. हे मी आमच्या धाकट्या पुतणीला सांगत होतो, तर तिने भोळेपणाने विचारले, “म्हणजे काका, त्यांची रोजच एकादशी?” मी म्हटले, “होय, पण त्यांच्या एकादशीला द्वादशी नाही!”

सणाचा दिवस आला, की मात्र जमिनीत खड्डा खणतात. विस्तवात तापवून लाल केलेले धोंडे तळाशी घालतात. केळीच्या पानांचे थर, त्यांत रताळी, अळू, पालेभाज्या आणि डुकराचे मांस. वरून पुन्हा पाने आणि माती. दोन-तीन तासांनी खड्डा उघडला, की वाफेच्या लोटाबरोबर सारी वाडी गोळा होते. ह्याला ते ‘मुमु’ म्हणतात. रायगडकडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना त्या वासाची कल्पना येईल.

आता ह्या गावाचे काम कोण करीत असे ते पाहू. रान तोडणे, झाडे पाडणे, डुकरे आत शिरू नयेत म्हणून शेताला कुंपण घालणे, शिकार आणि शेजारच्या वाडीशी लढाई ही पुरुषांची कामे. माती भुसभुशीत करणे, वेल लावणे, निंदणे, रताळी उकरणे, ती घरी आणणे, सरपण आणणे, पाणी आणणे, रांधणे, डुकरांना चारणे आणि मुले वाढवणे ही बायकांची. पहिली यादी भारदस्त दिसते. दुसरी रोज करावी लागते.

बाईच्या ह्या संसाराची खूण म्हणजे बिलुम. झाडाच्या सालीचे तंतू मांडीवर वळून दोरा करायचा आणि त्याची विणीव झोळी करायची. विणणाऱ्या बायकाच. वीण अशी, की रिकामी झोळी मुठीत मावते आणि भरली की पोटासारखी फुगते. झोळीचा पट्टा कपाळावर घ्यायचा आणि भार पाठीवर सोडायचा. त्यात रताळी असतात, सरपण असते. आणि पाने किंवा मऊ कापड अंथरून ठेवलेले तान्हे मूलही त्याच झोळीत झोपते. आता सालीच्या दोऱ्याऐवजी रंगीत लोकर आणि नायलॉनही आले आहे, पण पट्टा कपाळावरच आहे. तेथल्या बाजारी भाषेत, तोक पिसिनमध्ये, ‘बिलुम’ ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: आईचे गर्भाशय. एका शब्दात त्या लोकांनी बाईचे सारे आयुष्य बांधून ठेवले आहे.

ह्या झोळीवर गाव किती अवलंबून होते, हे फोरे लोकांना फार भयंकर रीतीने समजले.

एकोणीसशे पन्नासच्या सुमारास सरकारी अधिकारी ओकापाच्या बाजूला फिरू लागले, तेव्हा त्यांना एक अजब आजार आढळला. धडधाकट बाई एक दिवस चालताना तोल जातो म्हणून सांगे. पुढे काठी लागे. मग सारे अंग कापू लागे, बोलणे अडखळे, कधी कारण नसता हसू फुटे. शुद्ध मात्र बहुधा शेवटपर्यंत शाबूत. वर्षभराच्या आत सारे संपे. फोरे भाषेत ह्या आजाराला ‘कुरू’ म्हणतात, म्हणजे कापणे, थरथरणे. महाभारतातल्या कुरूंशी त्याचा संबंध नाही. परदेशी वर्तमानपत्रांनी त्याला ‘हसरा मृत्यू’ असे चटकदार नाव दिले. ज्यांच्या घरात तो शिरला होता तेथे कोणी हसत नव्हते.

व्हिन्सेंट झिगास नावाच्या सरकारी डॉक्टरने ह्या रुग्णांकडे लक्ष वेधले. १९५७ साली कार्लटन गाजडुसेक हा अमेरिकन डॉक्टर त्याला येऊन मिळाला. दोघे डोंगर तुडवीत वाडीवाडीतून नोंदी करीत हिंडले. तेव्हा दिसले, की वर्षाला दोनशेच्या आसपास माणसे कुरूने मरत आहेत. फोरे एकूण पंधरा हजारांच्या आतबाहेर, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आकड्याचा अर्थ कळतो. आणि मरणारे कोण? बहुतेक प्रौढ बायका. त्यांच्या खालोखाल मुले, मुलगे आणि मुली दोन्ही. प्रौढ पुरुष अगदी विरळा.

बायका मरू लागल्या आणि वाड्यांची वीण उसवली. काही वस्त्यांत बायकांच्या दुप्पट पुरुष उरले. रताळी कोण लावणार, डुकरे कोण पाळणार, तान्ह्याला कोण उचलणार? ज्या पुरुषांनी जन्मात झोळी कपाळाला लावली नव्हती ते शेत खणू लागले, रांधू लागले, पोरक्या लेकरांना मांडीवर घेऊन बसू लागले.

फोरे लोकांच्या मते हे चेटूक होते. कोणी वैऱ्याने माणसाचे केस, नख, उष्टे किंवा विष्ठा चोरावी, पानात बांधून चिखलात पुरावी, आणि ते पुडके जसजसे कुजत जाईल तसतसा तो माणूस कापू लागावा. म्हणून लोक आपले उष्टेखरकटे जपून नाहीसे करू लागले. सरकारी साहेबांनी खोल शौचकूप खणायला सांगितले, तेव्हा फोरे लोकांनी ते इतक्या तत्परतेने खणले, की साहेब खूश झाले. साहेबांना वाटले आरोग्याचा धडा पटला; लोकांना वाटले चेटक्याची वाट बंद झाली.

१९६२ च्या अखेरीस तर गावोगाव मोठ्या सभा भरल्या. एरवी एकमेकांवर बाण रोखणाऱ्या वाड्यांचे पुरुष एकत्र बसले. कोण चेटूक करीत असेल त्याने ते थांबवावे, आपल्या बायका संपत चालल्या आहेत, त्या संपल्या तर आपण साऱ्यांचाच वंश बुडेल, असे वक्ते कळवळून सांगत होते. शर्ली लिंडेनबाऊम आणि रॉबर्ट ग्लास हे मानववंशशास्त्रज्ञ जोडपे त्या वेळी तेथे राहत होते. त्यांनी ह्या सभा डोळ्यांनी पाहिल्या.

कुरूचे कोडे सोडवण्यातही ह्या जोडप्याचा मोठा वाटा आहे. डॉक्टरांचा कल तेव्हा आनुवंशिक रोगाकडे होता. ह्या दोघांनी काय केले, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांपाशी बसून घराण्यांच्या वंशावळी उतरवून घेतल्या आणि प्रत्येक घरात पहिला कुरू कधी आला ते विचारले. लोकांना ते आठवत होते! हा रोग काही दशकांपूर्वीचाच, उत्तरेकडून गावोगाव सरकत आलेला. आनुवंशिक रोग असा चालत येत नाही. मग उरले काय?

उरली ती मृतांची रीत. येथे वाचकांनी हातातला लाडू क्षणभर खाली ठेवावा, पण नाक मात्र मुरडू नये. आपल्या जिवलगाला मातीत किड्यांच्या हवाली करणे फोरे लोकांना निर्दयपणाचे वाटे. त्याचा देह आप्तांनी आपल्याच देहात सामावून घ्यावा, हा त्यांचा शेवटचा मायेचा संस्कार. कोणाला अग्नी बरा वाटतो, कोणाला माती, कोणाला गिधाडे. दुसऱ्याची रीत ऐकून प्रत्येकाच्याच अंगावर काटा येतो. हा संस्कार मुख्यतः बायका करीत आणि मुले आयांबरोबर असत. बहुतेक पुरुष दूर राहत. बायका आणि मुलेच का मरतात, त्याचे उत्तर येथे होते. सरकार आणि मिशनरी ह्यांच्या दबावाने ही रीत १९६० च्या सुमारास बंद पडली, आणि त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही कुरू झाला नाही.

शास्त्राचा दुवा वेगळ्याच ठिकाणाहून जुळला. १९५९ साली विल्यम हॅडलो ह्या पशुवैद्याने लंडनच्या एका प्रदर्शनात कुरूची चित्रे पाहिली आणि मेंढ्यांच्या ‘स्क्रेपी’ रोगात मेंदू असाच दिसतो हे ओळखले. स्क्रेपी टोचणीने एका मेंढीतून दुसरीत जातो. मग कुरूचीही तशी परीक्षा का करू नये, असे त्याने सुचवले. इकडे मायकेल आल्पर्स हा तरुण ऑस्ट्रेलियन डॉक्टर वाइसा नावाच्या गावात राहून रुग्णांची शुश्रूषा करीत होता. १९६३ साली एक लहान मुलगी कुरूने गेली. आल्पर्सने आईबापांना समजावून सांगितले, आणि आपल्या लेकराच्या देहाची तपासणी करायला त्यांनी परवानगी दिली. तो मेंदूचा नमुना अमेरिकेस गेला, चिंपांझीला टोचला गेला. दोनेक वर्षांनी चिंपांझी थरथरू लागले. १९६६ साली हे प्रसिद्ध झाले. गाजडुसेकला १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जंतूही नव्हे, विषाणूही नव्हे, तर केवळ वाकडे वळण घेतलेले प्रथिन हा रोग पसरवते, हा सिद्धांत मांडून स्टॅन्ली प्रूसिनरने १९९७ साली आणखी एक मिळवले. १९९६ साली ब्रिटनमध्ये वेड्या झालेल्या गाईंचा रोग माणसांत आल्याचे उघड झाले, तेव्हा ह्या रोगाची माणसातली चाल समजण्यासाठी शास्त्रज्ञांना ओकापाचीच नोंदवही उघडावी लागली.

दोन नोबेल पारितोषिके आणि साऱ्या जगाला मिळालेले ज्ञान. त्याची पहिली किंमत भरली ती डोंगरातल्या एका गरीब घराने. पारितोषिकांच्या यादीत त्या आईबापांचे नाव नाही.

कुरू आता इतिहासजमा झाला. शरीरात चाळीस-पन्नास वर्षे दबा धरून बसलेला तो रोग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत अधूनमधून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाठत होता, इतकेच. डोंगरउतारांवर कॉफीच्या बागा आल्या. अंगणात ताडपत्रीवर कॉफीचे बी वाळत असते. पत्र्याची छपरे, शाळा, प्रार्थनामंदिर, भ्रमणध्वनी हे सारे थोडेथोडे पोहोचले आहे.

पण वाट तीच. किनाऱ्यावरून डोंगरांत जाणारा एक मोठा हमरस्ता आहे. त्याला सोडून आत वळले, की चिखल, दरडी आणि वाहून गेलेले पूल. कित्येक गावांना गवताची छोटी धावपट्टी हाच काय तो दरवाजा. ढग उतरले की तोही बंद. औषधांची पेटी आहे पण पेटीत औषध नाही, दवाखान्याची खोली आहे पण परिचारिका नाही, अशी गावे तेथे पुष्कळ. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली ह्या देशात दर लाख जन्मांमागे सुमारे १९० माता मृत्यू पावल्या. अडलेल्या बाईला घोंगडी आणि दोन वासे ह्यांच्या डोलीत घालून चार पुरुष डोंगर उतरतात, आणि रस्ता आधी येतो की मरण, ह्याची वाट सारे गाव पाहते.

चेटकाची भीतीही गेलेली नाही. घरात अकाली मृत्यू झाला, की कोणावर तरी, पुष्कळदा एखाद्या निराधार बाईवर, बोट दाखवले जाते. मग मारहाण, कधी खून. चेटूक ही खरीच गोष्ट आहे असे मानणारा १९७१ चा कायदा त्या सरकारने २०१३ साली रद्द केला.

हे वाचून आपण सुधारलेल्या शहरात राहतो म्हणून समाधानाचा सुस्कारा सोडणार असाल, तर थोडे थांबा. जादूटोण्याच्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला तोही २०१३ सालीच, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर. आपल्या नंदुरबारच्या, पालघरच्या, गडचिरोलीच्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला झोळीत घालून नदीनाले ओलांडत दवाखान्यात नेल्याच्या बातम्या आपणही पावसाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. ओकापा नकाशावर दूर आहे. पण नकाशावर जवळ असलेले ओकापा आपल्याला कुठे जवळचे वाटते?

फोरे पुरुषांना झोळीचे वजन कळले ते झोळी उचलणारी गेल्यावर. भरसभेत त्यांनी ते रडून कबूल केले, हा त्यांचा मोठेपणा. आपल्याला ते कळायला इतके मोठे संकट येण्याची गरज पडू नये. यंदा तुळशीच्या लग्नात ऊस सोलून मुलांच्या हाती द्याल, तेव्हा त्याचे माहेर कुठले ते त्यांना जरूर सांगा. आणि त्या माहेरी आजही एक बाई पहाटेच्या धुक्यात कपाळाला पट्टा लावून, पाठीवर रताळी आणि त्यांवर झोपलेले मूल घेऊन डोंगर चढते आहे, हेही सांगायला विसरू नका.